मधोमध फट असलेलं खोगीर: जॉर्ज मॅक्लेलन या इंजिनिअर-जनरलची गोष्ट

काही महिन्यांपूर्वी मी एका वस्तुसंग्रहालयाच्या ऑनलाइन संग्रहात जुनी लष्करी साधनं बघत बसलो होतो. तिथे एका खोगिराचा फोटो दिसला. दोन लाकडी फळ्या, पुढे-मागे एकेक कमान आणि बसायच्या जागी मधोमध आरपार फट. गादी नाही, भराव नाही. मला वाटलं, वरचा भाग कुठेतरी हरवला असणार. खालची नोंद वाचली तेव्हा कळलं की खोगीर पूर्णच आहे, ते बनवलंच तसं होतं. आणि हेच डिझाइन अमेरिकेच्या घोडदळाने १८५९ पासून थेट दुसऱ्या महायुद्धापर्यंत वापरलं. म्हणजे ऐंशीहून जास्त वर्षं!

आपल्याकडे निरुपयोगी माणसं किंवा वस्तू कोंबल्या की आपण त्याला ‘खोगीरभरती’ म्हणतो. खोगिरात चिंध्या-बिंध्या काहीही भरून गादी फुगवायची, त्यावरून आलेला हा शब्द. मॅक्लेलन खोगीर मला आवडलं ते याच कारणाने. त्यात खोगीरभरती अजिबात नाही.

पण ज्याच्या नावाने ते ओळखलं जातं त्याची गोष्ट इतकी सरळ नाही. जॉर्ज ब्रिंटन मॅक्लेलन हे नाव अमेरिकेच्या इतिहासात येतं ते बहुतेक वेळा एका अपयशी सेनापतीचं म्हणून. उत्तम इंजिनिअर, उत्तम संघटक, आणि तरी रणांगणावर हात आखडता घेणारा माणूस. खोगीर समजून घेतलं की हा माणूसही थोडा समजतो, असं मला वाटतं. म्हणून या लेखात दोघांनाही सोबत घेऊया.

हुशार मुलगा, इंजिनिअर अधिकारी

मॅक्लेलनचा जन्म ३ डिसेंबर १८२६ चा, फिलाडेल्फियाचा. वडील नावाजलेले सर्जन. मुलगा इतका हुशार की वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत १८४२ मध्ये दाखल झाला तेव्हा त्याला सोळावं वर्षही पुरं झालं नव्हतं. १८४६ मध्ये तो वर्गात दुसरा येऊन बाहेर पडला आणि इंजिनिअर दलात गेला. त्या काळी वेस्ट पॉइंटमधले वरच्या क्रमांकाचे विद्यार्थी इंजिनिअर दलातच जायचे.

लगेच मेक्सिकोचं युद्ध आलं. तिथे तो जनरल विनफिल्ड स्कॉटच्या सैन्यात होता. १८४७ मध्ये वेराक्रुझ शहराला वेढा घालून, तोफा मांडून ते शहर घेतलं गेलं. वीस वर्षांच्या इंजिनिअरने हे जवळून पाहिलं. नीट मोजमाप करा, तोफा जागेवर आणा, मग शत्रू शरण येतो. हा धडा त्याच्या मनात पक्का बसला. पुढे त्याचा फायदाही झाला आणि तोटाही.

त्यानंतर रेड नदीच्या उगमाची शोधमोहीम, पॅसिफिककडे जाणाऱ्या रेल्वेसाठी कॅस्केड पर्वतातलं सर्वेक्षण अशी कामं त्याने केली. १८५५ मध्ये तो नव्याने उभारलेल्या घोडदळाच्या पलटणीत कॅप्टन झाला. त्याच वर्षी युद्धमंत्री जेफरसन डेव्हिस याने तीन अधिकाऱ्यांना युरोपात पाठवलं: मेजर रिचर्ड डेलाफिल्ड, मेजर आल्फ्रेड मॉर्देकाय आणि सगळ्यात धाकटा कॅप्टन मॅक्लेलन.

क्रिमियाची सहल नव्हे, अभ्यास

युरोपात तेव्हा क्रिमियाचं युद्ध चालू होतं. एका बाजूला रशिया, दुसऱ्या बाजूला ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान. अमेरिकन अधिकाऱ्यांनी तिथे जाऊन आधुनिक सैन्यं कशी चालतात ते बघायचं होतं. परवानग्यांच्या घोळात बराच वेळ गेला आणि ते सेव्हास्तोपोलला पोहोचले तेव्हा वेढ्याचा निकाल लागून गेला होता. पण खंदक, तोफखाने, कोठारं, दवाखाने सगळं जागेवर होतं. त्यांनी ते बारकाईने पाहिलं. शिवाय युरोपातल्या वेगवेगळ्या सैन्यांच्या घोडदळांची साधनं आणि कवायती पाहिल्या.

१८५६ मध्ये परतल्यावर मॅक्लेलनने अहवाल लिहिला. रशियन घोडदळाचे नियम वाचता यावेत म्हणून तो रशियन भाषा शिकला, आणि त्यांच्या आधाराने अमेरिकन घोडदळासाठी पुस्तिका तयार केली. सोबत एका नव्या खोगिराचा प्रस्तावही दिला. त्याच्या म्हणण्यानुसार मूळ कल्पना हंगेरियन खोगिराची होती, जी प्रशियाच्या सैन्याने स्वीकारली होती. जाणकार मात्र त्यात मेक्सिकन खोगिराचा आणि त्या वेळच्या इतर अमेरिकन नमुन्यांचाही हात बघतात. म्हणजे आजच्या भाषेत सांगायचं तर त्याने सगळं शून्यातून लिहिलं नाही. चालणारे भाग उचलले, जोडले आणि नको ते काढून टाकलं.

तोपर्यंत सैन्यात ग्रिम्सली नावाचं खोगीर चालत असे. ते महाग पडायचं. सैन्याने अनेक नमुने घासूनपुसून पाहिले आणि १८५९ मध्ये मॅक्लेलनचं खोगीर अधिकृत केलं.

खोगिराचे भाग: कोण काय काम करतं?

आधी मूळ प्रश्न समजून घेऊ. घोड्याच्या पाठीच्या मधोमध कण्याची हाडं असतात. त्यांच्यावर वजन पडलं तर जखम होते. कण्याच्या दोन्ही बाजूंना मात्र जाड स्नायूंचे पट्टे असतात, ते भार घेऊ शकतात. स्वार, शस्त्रं, दाणा, ब्लँकेट सगळं मिळून वजन सहज शंभर किलोच्या पुढे जातं. हे वजन हाडावर न टाकता स्नायूंवर, आणि तेही मोठ्या क्षेत्रफळावर पसरवायचं, हे खोगिराचं खरं काम. रेल्वेचे स्लीपर रुळांवरचा भार खडीवर पसरवतात, तोच हिशेब.

आता एकेक भाग बघूया.

- सांगाडा: दोन लांब लाकडी फळ्या, कण्याच्या डाव्या-उजव्या बाजूला एकेक. त्यांचा खालचा भाग घोड्याच्या पाठीच्या वळणाप्रमाणे घडवलेला. सगळा भार याच फळ्यांवर येतो.

- पुढची आणि मागची कमान: दोन फळ्यांना जोडणारे लाकडी पूल, लोखंडी पट्ट्यांनी मजबूत केलेले. पुढची कमान घोड्याच्या खांद्याजवळच्या उंचवट्याला न टेकता त्याच्यावरून जाते. मागची कमान स्वाराला मागे घसरू देत नाही. गुराख्यांच्या खोगिराला पुढे असतो तसा खुंटा इथे नाही, कारण सैनिकाला दोर टाकून गुरं पकडायची नसतात.

- मधली फट: कण्याच्या बरोबर वर मोकळी जागा. कण्याला स्पर्श नाही आणि हवा खेळती. स्वाराला ही बैठक कडक वाटते. पण या डिझाइनमध्ये प्राधान्य स्वाराच्या सुखाला नाही, घोड्याच्या पाठीला आहे. स्वाराची पाठ दुखली तर तो कुरकुर करेल. घोड्याची पाठ सोलली तर स्वार पायदळात जाईल.

- कच्चं चामडं: सांगाड्यावर न कमावलेलं चामडं ओलं असताना ताणून शिवायचं. वाळताना ते आकसतं आणि लाकडाचे सगळे जोड घट्ट आवळून धरतं.

- तंग आणि त्याचे पट्टे: घोड्याच्या पोटाखालून जाणारा पट्टा म्हणजे तंग. प्रत्येक बाजूला एक पट्टा पुढच्या कमानीकडून आणि एक मागच्या कमानीकडून खाली येतो. दोन्ही एका कडीत मिळतात आणि त्या कडीला तंग बांधला जातो. त्यामुळे ओढ पुढे-मागे वाटली जाते. नाहीतर खोगिराचं एकच टोक पाठीत रुतलं असतं.

- रिकिबी: वाफवून वाकवलेल्या लाकडाच्या, पुढून चामड्याचं झाकण असलेल्या. झाकणामुळे पाय आरपार जाऊन अडकत नाही. स्वार पडला आणि पाय रिकिबीत अडकून राहिला तर घोडा त्याला फरपटत नेतो, म्हणून ही काळजी. झुडपांपासून आणि थंडीपासूनही पाय वाचतो.

- दुमची: शेपटीखालून जाणारा पट्टा. उतारावर खोगीर पुढे सरकू नये म्हणून.

- सामानाचे पट्टे आणि पडशी: पुढे गुंडाळलेला ओव्हरकोट, मागे ब्लँकेट, दोन्ही बाजूंना चामडी पिशव्या.

- खालचं ब्लँकेट: खोगिराला स्वतःची गादी नाही, म्हणून घडी घातलेलं लोकरी ब्लँकेट पाठीवर आधी टाकायचं. घोडा बारीक झाला तर घडी बदलता येते. गादी वेगळी आणि सांगाडा वेगळा ठेवल्याचा हा मोठा फायदा. ब्लँकेट धुता येतं, वाळवता येतं, रात्री सैनिकाला अंगावरही घेता येतं.

खोगिरं तीन मापांत यायची: बैठकीची लांबी ११, साडेअकरा आणि १२ इंच. गंमत म्हणजे ही मापं स्वाराच्या बैठकीची आहेत. घोडे मात्र नाना अंगलटींचे असायचे. एकच सांगाडा त्या सगळ्यांना चालवून न्यायचा, ही या डिझाइनची तडजोड होती.

युद्धात खरी चाचणी

१८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं आणि ही खोगिरं लाखांच्या संख्येने बनू लागली. मोठ्या वापरात गेलं की दोष दिसतातच. उघडं कच्चं चामडं ऊन-पावसात फाटायचं, शिवण उसवायची आणि त्या कडक कडा स्वाराच्या मांड्यांना कापायच्या. युद्धानंतर सांगाड्यावर कमावलेल्या चामड्याचं आवरण देऊन हा दोष काढला गेला.

मूळ कल्पना मात्र टिकली. दक्षिणेकडच्या सैन्याने आधी जेनिफर नावाचं वेगळं खोगीर वापरलं. घोडा धष्टपुष्ट असेपर्यंत ते ठीक होतं. युद्ध लांबलं, दाणा-वैरण संपली, घोड्यांची हाडं वर आली, आणि ते खोगीर पाठीला लागू लागलं. शेवटी त्यांनीही शत्रूच्या सेनापतीच्या नावाचं खोगीर नकलून घेतलं. एखाद्या डिझाइनला यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्रक काय असू शकतं?

आणि तो सेनापती कुठे होता?

मॅक्लेलनने जानेवारी १८५७ मध्येच सैन्य सोडलं होतं. खोगीर मंजूर झालं तेव्हा तो इलिनॉय सेंट्रल रेल्वेत होता, आधी मुख्य इंजिनिअर आणि मग उपाध्यक्ष. याच रेल्वेसाठी अब्राहम लिंकन नावाचा एक वकील खटले लढवायचा. दोघांची ओळख तिथली.

युद्ध सुरू झालं तसा मॅक्लेलन परत आला. पश्चिम व्हर्जिनियात सुरुवातीचे विजय मिळाले. जुलै १८६१ मध्ये बुल रनच्या लढाईत उत्तरेचं सैन्य उधळलं गेल्यावर त्याला राजधानीत बोलावलं गेलं. नोव्हेंबरात तो संपूर्ण सैन्याचा सरसेनापती झाला. वय फक्त चौतीस!

इथे त्याने जे केलं ते कुणी नाकारत नाही. पळून आलेल्या जमावाचं त्याने सैन्य बनवलं. कवायती, कोठारं, तोफखाना, वॉशिंग्टनभोवतीच्या गढ्या, सगळं शिस्तीत लावलं. सैनिकांचा त्याच्यावर फार जीव होता. पण सैन्य तयार झाल्यावर ते वापरायची वेळ आली आणि तिथे तो अडखळला.

त्याच्या गुप्त माहितीच्या विभागात ॲलन पिंकर्टन होता. शत्रूच्या संख्येचे जे आकडे येत, ते खऱ्याच्या जवळपास दुप्पट असत. मॅक्लेलनला ते पटत, कारण त्याची स्वतःची भीतीही तेच सांगत होती. मार्च १८६२ मध्ये शत्रूने सेंटरव्हिल सोडलं. तिथे जाऊन पाहतात तर काही तोफा म्हणजे काळे रंगवलेले ओंडके निघाले. याच महिन्यात त्याचं सरसेनापतीपद गेलं, फक्त पोटोमॅकचं सैन्य हाताखाली राहिलं.

मग त्याने लाखाहून जास्त माणसं जहाजांनी व्हर्जिनियाच्या द्वीपकल्पावर उतरवली. वाहतुकीचं काम म्हणून हे अफाट होतं. पण यॉर्कटाउनला मूठभर सैन्य पुढे उभं दिसलं आणि तो थांबला. शत्रू तेच सैनिक पुन्हा पुन्हा फिरवून संख्या मोठी असल्याचं भासवत होता. मॅक्लेलनने वेढा मांडला. वेराक्रुझ आणि सेव्हास्तोपोल डोक्यात होतं. महिनाभर खपून अवजड तोफा जागेवर आणल्या, आणि तोफा डागण्याआधीच शत्रू रात्रीतून निघून गेला. पुढे रिचमंडच्या दारात पोहोचूनही जूनअखेरच्या सात दिवसांच्या लढायांनंतर तो मागे फिरला.

सप्टेंबर १८६२ मध्ये नशीब आपणहून चालून आलं. शत्रू सेनापती रॉबर्ट ली याच्या हालचालींचा आदेश सिगारांभोवती गुंडाळलेल्या कागदावर सापडला. तरी निघायला बरेच तास गेले. १७ सप्टेंबरला अँटिएटमची लढाई झाली. एका दिवसात दोन्ही बाजू मिळून सुमारे तेवीस हजार माणसं मेली, जखमी झाली किंवा हरवली. लीपेक्षा जवळपास दुप्पट सैन्य हाताशी असून मॅक्लेलनने मोठा भाग राखीवच ठेवला. ली नदी ओलांडून निसटला.

शेवटी घोडेच आडवे आले

या गोष्टीतला मला सगळ्यात चटका लावणारा भाग पुढचा आहे. अँटिएटमनंतर लिंकन पाठलाग करायला सांगत होता आणि मॅक्लेलन कारणं देत होता. ऑक्टोबरअखेरच्या एका अहवालात कारण होतं, घोडे थकलेत, आजारी आहेत. घोड्यांमध्ये खरंच आजार पसरला होता. पण थोड्याच दिवसांपूर्वी शत्रूचा जेब स्टुअर्ट आपले घोडेस्वार घेऊन त्याच्या सैन्याला पूर्ण वळसा घालून गेला होता, आणि तेही त्या वर्षात दुसऱ्यांदा. लिंकनने तारेने बोचरा प्रश्न केला. अँटिएटमनंतर तुमच्या घोड्यांनी असं केलं तरी काय की ते थकावेत, अशा अर्थाचा.

ज्या माणसाने घोड्याची पाठ वाचवायचा सगळ्यात चांगला उपाय शोधला, त्याची सेनापतीपदाची कारकीर्द घोड्यांना जपण्याच्या सबबीपाशी येऊन अडली. ५ नोव्हेंबर १८६२ ला त्याला काढल्याचा हुकूम निघाला. पुन्हा त्याला कधीही सैन्य मिळालं नाही.

१८६४ मध्ये तो लिंकनविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला. २१२ विरुद्ध २१ मतांनी हरला. ज्या सैनिकांचा त्याच्यावर जीव होता त्यांनीही बहुसंख्येने लिंकनला मत दिलं. नंतर काही वर्षं युरोपात, मग न्यूयॉर्कच्या गोदी विभागाचा मुख्य इंजिनिअर, आणि १८७८ ते १८८१ न्यू जर्सीचा गव्हर्नर. ही कामं त्याने नीट केली. २९ ऑक्टोबर १८८५ ला वयाच्या ५८ व्या वर्षी हृदयविकाराने तो गेला. शेवटपर्यंत तो आपल्या निर्णयांचं समर्थन लिहीत होता. ते पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर आलं.

खोगीर मात्र चालत राहिलं. आवरण बदललं, रंग काळ्याचा तपकिरी झाला, १९०४ च्या नमुन्यात तंगाचे पट्टे सोयीप्रमाणे पुढे-मागे करता येऊ लागले. पण दोन फळ्या, दोन कमानी आणि मधली फट तशीच. एकविसाव्या शतकातही अमेरिकी लष्कराच्या समारंभांत ते दिसत आलंय.

मला यातून काय मिळालं

आमच्या टीममध्ये एकदा एक रिलीज तीनदा पुढे ढकललं गेलं. दर वेळी कारण खरं होतं: अजून एक टेस्ट, लोडचा अजून एक आकडा. आकडे फुगवलेले होते, पण कुणालाच ते तपासायचे नव्हते, कारण थांबायला सगळ्यांना निमित्त हवं होतं. थांबा म्हणणाऱ्यांत मीही होतो. शेवटी ज्या ग्राहकासाठी ते चाललं होतं तोच दुसरीकडे गेला. मॅक्लेलनचं यॉर्कटाउन वाचताना मला ती मीटिंग आठवली आणि थोडी लाजही वाटली.

खोगीर बनवताना भार किती, कुठे आणि कसा पडेल हे आधी ठरवता येतं. घोड्याची पाठ रोज खोटं बोलत नाही. शत्रू मात्र ओंडके रंगवून ठेवतो. मॅक्लेलनची मोजून-मापून चालण्याची सवय एका कामात गुण ठरली आणि दुसऱ्यात दोष. माणूस तोच, सवय तीच, फक्त समोरचा प्रश्न बदलला होता. त्याच्या नावाचं खोगीर अर्धं जग हिंडलं. त्यावर बसून कधी निघायचं, हे मात्र त्याला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही.